कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली घेण्याआधी पाण्याचा रिपोर्ट वाचा

पत्र : इंदिरानगरला आमच्या गच्चीवर २४ ग्रो बॅगांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून टोमॅटो आणि ढोबळी मिरची लावली आहे. बोअरच्या पाण्यानं पानं पिवळी पडतात असं ऐकलं, म्हणून दोन महिन्यांपासून आरओचं पाणी देते. आठवड्यातून दोनदा १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) द्यायचे. फळं धरल्यापासून त्याऐवजी १३:०:४५, लिटरला ३ ग्रॅम. आता ढोबळीची फळं बुडाला काळी पडून कुजताहेत आणि टोमॅटोची खालची पानं शिरा हिरव्या राहून मधे पिवळी होताहेत. परदेशी व्हिडिओंत सगळे ‘कॅल-मॅग’ द्या म्हणतात. ती बाटली ऑनलाइन मिळते, पण महाग आहे. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधलेलं) कॅल्शियम, बोरॉनचं कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट असं बरंच काही पुढं ठेवलं. नेमकं काय घेऊ? अंड्याची टरफलं किंवा चुन्याची निवळी चालेल का? बोअरचं पाणी तपासून घेतलंय : टीडीएस ६२०, एकूण हार्डनेस ३८०, त्यात कॅल्शियम हार्डनेस २२०, अल्कलिनिटी ३००. शिवाय बॅगेखालून निचरणारं पाणी रोज फेकून देते, त्याचं काही करता येईल का?

उत्तर : बाटली घेऊ नका. साधं, बोरॉन नसलेलं कॅल्शियम नायट्रेट एक किलो आणि मॅग्नेशियम सल्फेट एक किलो एवढंच आणा. पत्राच्या शेवटी तुम्ही जो रिपोर्ट दिलाय, तो या सगळ्या डब्यांपेक्षा मोलाचा आहे. गंमत अशी की कॅल्शियम-मॅग्नेशियमचा निम्मा साठा तुमच्या बोअरमध्येच होता आणि आरओ लावून तुम्ही तो गटारात सोडलात.

आधी बाटलीचा हिशोब करू. या बाटल्यांवर साधारण कॅल्शियम ३ टक्के, मॅग्नेशियम १ टक्का, थोडा नत्र आणि ०.१ टक्का लोह असं लिहिलेलं असतं. म्हणजे लिटरभर द्रावणात सुमारे ३५ ग्रॅम कॅल्शियम. कॅल्शियम नायट्रेटमध्ये कॅल्शियम १८.८ टक्के असतं, तेव्हा तेवढंच कॅल्शियम २०० ग्रॅम खतातून मिळतं. मॅग्नेशियमसाठी वर सव्वाशे-दीडशे ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट धरा. बाकी पाणी, आणि त्या पाण्याची वाहतूक. तुमच्या २४ बॅगांना रोज ३५ लिटरच्या आसपास पाणी लागत असेल तर ती बाटली दहा-अकरा दिवसांत संपेल. खाली दिलेल्या प्रमाणात एक किलो कॅल्शियम नायट्रेट दीड महिन्याहून जास्त पुरतं.

त्या व्हिडिओंबद्दल एक सांगायला हवं. ‘कॅल-मॅग’चा एवढा गजर करणारी मंडळी बहुतेक गांजाची झाडं वाढवणारी असतात. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरी मोजकी झाडं लावायला कायद्यानं मुभा आहे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय ते झाड लावणं गुन्हा आहे. आपल्याला रस आहे तो त्यांच्या पद्धतीत. बंद खोली, एलईडीचा उजेड, कोकोपीट आणि आरओचं पाणी, म्हणजे कॅल्शियम मिळण्याच्या सगळ्या वाटा बंद. म्हणून त्यांना ते वेगळं घालावंच लागतं. शिवाय त्या झाडाला मांसल फळ नाही. कॅल्शियम कमी पडलं की त्याच्या पानांवर तपकिरी गंजासारखे ठिपके येतात आणि व्हिडिओत तेच दाखवतात. ढोबळी आणि टोमॅटोत पहिला मार फळाला बसतो, पानं कित्येकदा ठणठणीत दिसतात. त्यामुळे त्यांची लक्षणं आपल्या झाडावर शोधत बसू नका. पद्धतीपुरतं पाहिलं तर आरओ आणि कोकोपीट घेऊन तुम्ही नकळत त्यांचीच अडचण गच्चीवर उभी केली आहे.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी घडताहेत. ढोबळीचं बूड काळं पडणं ही फळातली कॅल्शियमची कमतरता. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथं बाष्पीभवन जास्त तिथं जातं, म्हणजे पानांत. एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. फळातून बाष्पीभवन फार थोडं होतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. फळ धरल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत नाजूक. त्या काळात तुटवडा पडला तर डाग पुढं कधीतरी दिसतो आणि आपण कालच्या पाण्याला दोष देतो. एक खूण मात्र तपासून घ्या. डाग फळाच्या उन्हाकडच्या अंगाला, पांढुरका आणि कागदासारखा असेल तर तो उन्हाचा चटका आहे, त्याला कॅल्शियम नको, सावली हवी. बुडाशी किंवा बुडाजवळच्या बाजूला पाणचट डाग येऊन तो चामड्यासारखा तपकिरी-काळा होत असेल तर कॅल्शियमच.

टोमॅटोच्या खालच्या पानांचं दुखणं मॅग्नेशियमचं. ते हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी असतं आणि झाडात फिरू शकतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. हीच जाळी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असती तर लोहाची कमतरता म्हटली असती. पान उलटं करून भिंगानं एकदा बघा. बारीक ठिपके, जाळं किंवा हलणारे जीव दिसले तर लाल कोळी आहे आणि मग कुठल्याही खताचा उपयोग नाही.

हे कशामुळे झालं? १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम शून्य, मॅग्नेशियम शून्य. आरओच्या पाण्यात दोन्ही नावापुरतं. राहिलं १३:०:४५. लिटरला ३ ग्रॅम म्हणजे जवळपास ११०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) पालाश, ऑक्साइड नव्हे तर शुद्ध पोटॅशियम धरून. फळं धरलेल्या टोमॅटोला २०० ते ३०० पुरतं. पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळांशी एकमेकांशी स्पर्धा करतात. पालाशची गर्दी झाली की आधी मॅग्नेशियम मागं पडतं, पाठोपाठ कॅल्शियम. १९:१९:१९ मधल्या नत्राचा मोठा भाग युरियाचा असतो. त्याचा अमोनियम होतो आणि तोही कॅल्शियमची वाट अडवतो. द्राक्षबागेत पानाच्या देठाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन पालाश कमी करणारे शेतकरी निफाड-दिंडोरीत शोधावे लागत नाहीत. गच्चीवरचं गणितही तेच आहे.

आता तुमचा रिपोर्ट. हार्डनेसचे आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत असतात. कॅल्शियम हार्डनेसला ०.४ नं गुणलं की कॅल्शियम मिळतं : २२० चे ८८ पीपीएम. उरलेला १६० हार्डनेस मॅग्नेशियमचा, त्याला ०.२४३ नं गुणलं की ३९ पीपीएम. फळं धरलेल्या टोमॅटो-ढोबळीला १५० च्या आसपास कॅल्शियम आणि ४० ते ५० मॅग्नेशियम लागतं. म्हणजे नुसत्या बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ पुरेसं आहे. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकाची ही देणगी. टीडीएसच्या मीटरवर मात्र हे कळत नाही. ६२० हा आकडा कॅल्शियमचा असू शकतो तसाच सोडियमचाही. ज्यांनी फक्त टीडीएस मोजलाय त्यांनी हार्डनेस आणि अल्कलिनिटी, जमल्यास सोडियमही तपासून घ्यावं.

बोअरच्या पाण्यानं पानं पिवळी पडतात हे ऐकीव असलं तरी खोटं नाही. तिथं दोषी हार्डनेस नसून ३०० ची अल्कलिनिटी आहे. बायकार्बोनेटमुळे कोकोपीटचा पीएच हळूहळू सातच्या वर जातो, लोह अडकतं आणि शेंडा पिवळा पडतो. त्यावर आरओ हा उपाय आहे, पण पूर्ण आरओ नको. निम्मं बोअर, निम्मं आरओ मिसळा. कॅल्शियम ४४, मॅग्नेशियम १९-२० आणि अल्कलिनिटी १५० उरते. एक लिटर आरओ काढताना दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, तेवढाच तोही भार निम्मा होईल.

अशा २० लिटरच्या बादलीला हे प्रमाण ठेवा. आधी पाण्यात लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड ३ ग्रॅम, बायकार्बोनेट मोडायला. मग कॅल्शियम नायट्रेट १० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम, ०:५२:३४ चार ग्रॅम आणि १३:०:४५ फक्त ८ ग्रॅम. यातून कॅल्शियम १३८ च्या आसपास, मॅग्नेशियम ४४, नत्र १३०, स्फुरद ४५ आणि पालाश २०५ पीपीएम होतं. चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण लेबलवर ठिबकसाठी दिलेल्या प्रमाणात घाला, त्याहून जास्त नको. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) १.८ ते २ च्या दरम्यान आणि पीएच ५.८ ते ६.३ आला की झालं. पीएच साडेसहाच्या वर राहत असेल तर लिंबूसत्त्व अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमनं वाढवा, कारण तिथून पुढं ईडीटीए या चिलेटमध्ये बांधलेलं लोह टिकत नाही. १९:१९:१९ पूर्ण बंद. हे पाणी रोजचं आहे, आठवड्यातून दोनदा डोस आणि बाकी दिवस नुसतं पाणी अशी पद्धत कोकोपीटमध्ये चालत नाही. रोपं लहान असतील तर सगळी खतं निम्मी. एप्रिल-मे मध्ये झाड पाणी जास्त ओढतं आणि क्षार मागं उरतात, तेव्हा खतं पाऊणपट करून ईसी दीडच्या आसपास ठेवा.

पण हे लगेच सुरू करू नका. तुमच्या बॅगांत पालाश साचलाय. पहिले चार दिवस वरच्या बादलीतून १३:०:४५ आणि ०:५२:३४ वगळा. पहिल्या दिवशी प्रत्येक बॅगेतून भरपूर पाणी, बॅगेच्या आकारमानाएवढं तरी, खाली निघून जाऊ द्या. कॅल्शियम असलेल्या पाण्यानं धुतलं की कोकोपीटला चिकटलेला पालाश आणि सोडियम सुटतो. नुसत्या आरओनं धुतलं तर मोकळे क्षार जातात, चिकटलेले तिथंच राहतात.

दुकानात पुढं ठेवलेल्या बाकीच्या डब्यांचं काय? बोरॉनचं कॅल्शियम नायट्रेट शेतात ठिबकमधून एखाद-दुसऱ्या वेळी देण्यासाठी ठीक. त्यात बोरॉन पाव टक्क्याच्या आसपास असतो. रोज लिटरला अर्धा ग्रॅम दिलं तर सव्वा पीपीएम बोरॉन होतो. झाडाला अर्धा पीपीएमही पुरतो आणि कमी-जास्त यांतलं अंतर फार थोडं. जास्त झाला की जुन्या पानांच्या कडा करपतात आणि लोक त्याला पुन्हा पालाशची कमतरता समजून १३:०:४५ वाढवतात. चिलेटेड कॅल्शियमचा उपयोग जमिनीत, जिथं साधं कॅल्शियम अडकून पडतं. कोकोपीटमध्ये नायट्रेटचं कॅल्शियम तसंही पूर्ण विरघळलेलं असतं, मग जास्तीचे पैसे कशाला? मॅग्नेशियम नायट्रेट चांगलं आहे, पण तुमच्या मिश्रणात नत्र पुरेसा आहे, सल्फेटमधून गंधकही मिळतो, म्हणून सल्फेटच घ्या. तो पांढरा स्फटिक, मॅग्नेशियम ९.६ टक्क्यांच्या आसपास लिहिलेला हवा. लेबलवर ‘सीएओ’ किंवा ‘एमजीओ’ असं ऑक्साइडच्या रूपात लिहिलं असेल तर आकडा फुगलेला दिसतो. सीएओला ०.७१५ नं आणि एमजीओला ०.६ नं गुणा, मग तुलना करा. २६ टक्के सीएओ आणि १८.८ टक्के कॅल्शियम हे दोन पोत्यांवर दिसलं तर माल एकच आहे.

मिसळताना एक चूक हमखास होते. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट घट्ट द्रावणात एकत्र केलं की पांढरा गाळ बसतो. तो जिप्सम. ०:५२:३४ बरोबर केलं तर कॅल्शियम फॉस्फेट. गाळ बसला म्हणजे खत गेलं आणि ड्रिपर बुजले. बादलीत वर दिलेल्या पातळ प्रमाणात हा धोका नाही, फक्त प्रत्येक खत वेगळ्या मगमध्ये विरघळवून ओता आणि कॅल्शियम नायट्रेट ढवळल्यावर पुढचं घाला. रोज वजन करायचा कंटाळा असेल तर दोन कॅन ठेवा. पहिल्या पाच लिटरमध्ये कॅल्शियम नायट्रेट २५० ग्रॅम आणि १३:०:४५ दोनशे ग्रॅम. दुसऱ्या पाच लिटरमध्ये मॅग्नेशियम सल्फेट १२५ ग्रॅम आणि ०:५२:३४ शंभर ग्रॅम. बादलीला दोन्हींतलं २००-२०० मिलि. मापाचा मगही दोन्हींना वेगळा. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात उघडी पिशवी आठवड्यात चिखल होते. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि एक किलोपेक्षा मोठं पोतं घेऊ नका.

काळी पडलेली फळं सुधारणार नाहीत. आजच तोडा, झाड त्यांच्यावर अन्न घालवतंय. नव्यानं धरलेल्या, लिंबाएवढ्या किंवा त्याहून लहान फळांवर कॅल्शियम नायट्रेट लिटरला ४ ग्रॅम, ऊन उतरल्यावर, आठवड्यानं एकदा असं दोन-तीनदा फवारा. फवारा फळावरच बसायला हवा, पानावरचं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. टोमॅटोच्या पानांवर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. दोन्ही एकाच पंपात भरू नका. अगदी पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा हिरवी होतील ही आशा सोडा. पिवळेपणा वरच्या पानांकडे सरकायचा थांबला की मॅग्नेशियम पोचलं. ढोबळीचा निकाल दिसायला तीन-चार आठवडे द्या, कारण आज दिसणारी मधली फळं तुटवड्यातच धरलेली आहेत.

आणि खत कितीही नेमकं असलं तरी बॅग एकदा सुकली आणि मग तुडुंब भरली, की बूड काळं पडणारच. सिमेंटच्या गच्चीवर काळी ग्रो बॅग दुपारी तापते, मुळं थांबतात, पानं मात्र पाणी मागत राहतात आणि फळाला काही उरत नाही. एका वेळी दोन लिटर ओतण्यापेक्षा तेच पाणी तीन-चार वेळा विभागून द्या, शेवटचं पाणी ऊन कलायच्या आधी. बॅगा विटांवर उचलून ठेवा, उन्हाळ्यात वर ५० टक्क्यांचं शेडनेट. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उलटं होतं, पान पाणीच ओढत नाही आणि कॅल्शियम वर चढत नाही. तेव्हा बॅगांत अंतर वाढवा, खालची पानं काढून वारा खेळू द्या.

अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कुंडीच्या मातीत ती सावकाश, महिनोन्‌महिने विरघळतात. चालू पिकाच्या उपयोगाची नाहीत, कंपोस्टमध्ये टाका. चुन्याची निवळी तर अजिबात नको. तिचा पीएच १२ च्या वर असतो आणि ज्या पिवळेपणाला घाबरून तुम्ही आरओ लावलंत तोच ती परत आणेल.

पुढच्या हंगामात कोकोपीटचे नवीन ब्लॉक आणाल तेव्हा पाच किलोचा ब्लॉक २५ लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून एक दिवस भिजवा, मग निथळून साध्या पाण्यानं एकदा-दोनदा धुवा. कोकोपीटच्या अंगावर मुळात पालाश आणि सोडियम बसलेला असतो. आधी कॅल्शियम पाजलं नाही तर पहिले काही आठवडे तुमच्या खतातलं कॅल्शियम तोच गिळतो. ‘लो ईसी’ लिहिलेल्या ब्लॉकलाही हे करा. तो धुतलेला असतो, कॅल्शियम पाजलेला असेलच असं नाही.

निचऱ्याचं पाणी ग्रो बॅगांना परत देऊ नका, त्यात झाडानं नाकारलेले क्षार साठत जातात. पण दिलेल्या पाण्याच्या १०-२० टक्के निचरा व्हायलाच हवा, तो वाचवायच्या नादात पाणी कमी करू नका. आठवड्यातून एकदा त्याचा ईसी मोजा, दिलेल्यापेक्षा एकानं जास्त आला तर एक दिवस खतं निम्मी करून भरपूर पाणी सोडा. चार दिवसांच्या धुण्यातलं पाणी सोडून द्या. त्यानंतरचं, तेवढ्याच साध्या पाण्यात मिसळून, मातीच्या कुंड्यांतल्या कढीपत्त्याला, जास्वंदीला किंवा खाली अंगणात नारळ असेल तर त्याला घाला.